पिवळ्या खडूची फुली

१

लाल गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती आणि दोन हवालदार आळीपाळीने तिच्याबरोबर फोटो काढून घेत होते. पुढचा दिवा फुटलेला, बॉनेटला मोठा खळगा, आणि त्याच खळग्याला टेकून एकाने हाताची ऐटबाज घडी घातली होती. मी जोरात खाकरले. दोघंही गडबडीने बाजूला झाले.

माझं नाव वंदना. अपघात झालेल्या गाड्या तपासून विमा कंपनीला खरं काय ते कळवायचं, हे माझं काम. सुरतेत जन्म गेला, त्यातली निम्मी वर्षं चेपलेल्या पत्र्यांमध्ये. लोक मला खडूस म्हणतात. मी कधी नाकारलं नाही.

ही दोन सीटची स्पोर्ट्स कार अडाजणच्या परागची. लग्नात नवरदेवाला मिरवायला तो ती द्यायचा. शनिवारी दिवेलागणीला भेस्तानकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिने धुरपदाबाईंना उडवलं. बिचारी पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, विकून, रिकामी टोपली डोक्यावर घेऊन घरी निघाली होती. आज सोमवार उजाडला तरी ती शुद्धीवर आलेली नव्हती.

“केस क्लिअर छे, मॅडम,” इन्स्पेक्टर वसावा म्हणाले. “ड्रायव्हर कबूल. मिकॅनिक पण कबूल. हवे शुं बाकी?”

कहाणी सरळ होती. गाडीतला, मागचं दाखवणारा आरसा सैल होऊन डुगडुगत होता. शनिवारी सकाळी तो उधन्याच्या गॅरेजमध्ये दुरुस्तीला दिला. संध्याकाळी गाडी चालू असताना तोच आरसा ड्रायव्हरच्या मांडीवर पडला, तो दचकला आणि गाडी कडेला गेली. ड्रायव्हर म्हणाला, मी चालवत होतो. मिकॅनिक म्हणाला, काम माझं, चूक माझी. आज संध्याकाळी दोघांनाही आत घेणार होते.

मी गाडीत वाकले. पुढच्या काचेवर आतून धातूचं एक छोटं बटण चिकटवलेलं असतं. आरसा त्यावर सरकवून बारीक स्क्रूने आवळतात. बटण जागेवर होतं. जोर लावून ओढलं, हललं नाही. आरसा खाली, ड्रायव्हरच्या पायाशी, फुटून पडला होता. सीटवर मात्र काचेचा एक कण नव्हता. डॅशबोर्डच्या खोक्यात एक पिवळं फडकं सापडलं. ते झटकलं तेव्हा माझ्या तळहातावर काहीतरी चमकलं.

बाहेर येऊन पाहिलं तर काचेवर, बटणाच्या बरोबर समोर, पिवळ्या खडूची फुली होती.

“ही तुमच्या माणसांनी काढली?”

“ना रे. लग्ननी गाडी छे. कोईए नजर न लागे माटे करी हशे.”

मी फाटकाबाहेर आले तशी एक तरुण बाई पुढे झाली. साक्षी. तिचा नवरा धम्मरत्न म्हणजेच तो गॅरेजवाला. विम्याच्या कितीतरी गाड्यांच्या काचा त्याने बसवलेल्या मी पाहिल्या होत्या. एकीची तक्रार आली नव्हती.

“ताई, यांच्या हातचं काम असं पडत नाही. तुम्हाला माहितीय.”

“मग तो कबूल का करतो?”

“तेच तर कळत नाही. दोन दिवस झाले, धड बोलत नाहीत, जेवत नाहीत. गल्लीतल्यांनी गॅरेजच्या शटरवर शेण फेकलं, तेसुद्धा गपचूप धुतलं. धुरपदाबाई आमच्याच गल्लीची ना! लोक म्हणतात, यांनीच म्हातारीला मारलं. तुम्ही सिद्ध करा की काम पक्कं होतं.”

“करीन. पण काम पक्कं ठरलं, तर दोष सगळा गाडी चालवणाऱ्यावर जाईल. तो कोण आहे, माहीत आहे ना?”

साक्षीने पदराचं टोक मुठीत धरलं.

“माझे बाबा,” ती म्हणाली.

२

बाजीराव ठाण्याच्या बाकावर ताठ बसले होते. शर्ट पांढराशुभ्र, दाढी केलेली. अर्धं आयुष्य त्यांनी चलथाणच्या कारखान्याला उसाचे ट्रक पोचवले होते. गेली दिवाळी झाल्यापासून ते परागकडे होते. मला पाहून उठले.

“बसा हो. मी पोलीस नाही.”

“तरी बी. बाईमाणूस उभं अन् आपण बसायचं, हे बरं दिसत नाही.”

मग आम्ही दोघंही उभे राहूनच बोललो.

“गॅरेजवरून गाडी तुम्हीच आणली?”

“हो. जावईबुवा जेवायला गेले व्हते. साहेबांकडची दुसरी किल्ली व्हती, त्या किल्लीनं नेली.”

“मग पुढे? सगळं सांगा. घाई नाही.”

त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात हवेत स्टिअरिंगवर असल्यासारखे धरले. “भेस्तानचा रस्ता. अंधार पडत आला व्हता. मी मिररमध्ये बघितलं, तर मागं मोठा ट्रक, अगदी चिकटून. मागचं बघितल्याबिगर मी ब्रेकला पाय लावत नाही, ताई. ट्रकवाल्याची सवय हाय ती. त्याला वाट द्यावी म्हणून डावीकडं सरलो, अन् तेवढ्यात मिरर सुटून मांडीवर पडला. खाली बघितलं. वर बघितलं तवर टोपली उडाली व्हती.”

सांगताना त्यांची मान खरोखर वर, डावीकडे वळली होती, आरसा असतो तिकडे.

“लागलं कुठे? मांडीला, हाताला?”

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. जणू त्यांनाही आत्ताच तो प्रश्न पडला होता. “नाही. नशीब.”

“म्हणजे चूक धम्मरत्नची.”

“नाही नाही!” ते एकदम पुढे सरकले. “स्क्रू ढिला राहतो एखादा. माणसाचा हात हाय, मशीन थोडीच हाय? त्यांचं नवं गॅरेज, नवा संसार. त्यांना यात ओढू नका. माझं काय, वय झालं. मला ठेवा आत.”

“धुरपदाबाईंना ओळखत होता?”

“साक्षीच्या लग्नात तिनंच हळदीचा पाट मांडला व्हता.” त्यांचे डोळे भरून आले. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

खोटं बोलणारी माणसं मी रोज पाहते. त्यातली बहुतेक स्वतःला वाचवायला खोटं बोलतात. हा गृहस्थ तर स्वतःला सुळावर द्यायला निघाला होता, आणि रडणं मात्र शंभर नंबरी होतं. मग मांडीवर फुटलेल्या काचेचा एक कण सीटवर का नव्हता?

३

उधन्याच्या गॅरेजचं शटर अर्धं उघडं होतं. धुतल्याचे ओघळ अजून ओले होते. धम्मरत्न शाळेच्या एका पांढऱ्या व्हॅनचा दरवाजा पुसत होता. त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

“काम माझं. स्क्रू ढिला राहिला. लिहून घ्या आणि मोकळं करा, मॅडम.”

“मी विचारलं काही?”

“तेच विचारायला आलात ना?”

तापट पोरगा. मला तापट माणसांशी बोलणं सोपं जातं. ती गप्प बसू शकत नाहीत. हा मात्र बसत होता.

“बटण कधी चिकटवलं?”

“शनिवारी.”

“आणि आरसा कधी लावला?”

“शनिवारीच.”

“एकाच दिवशी?”

फडकं थांबलं. “चहा घेणार का तुम्ही?”

“घेणार. पण उत्तर आधी.”

“घाई होती. लावून टाकला. पुरे झालं?”

तेवढ्यात पुष्पाबाई आल्या. व्हॅन त्यांची. उधन्यातली निम्मी मुलं त्यांच्या व्हॅनने शाळेत जातात आणि त्यांचा आवाज त्या सगळ्या मुलांना पुरून उरतो.

“झाला का रे मिरर? पोरं आली की मला मागचं दिसायला पाहिजे, नाहीतर एकमेकांचे डबे फोडतात मेले!”

“उद्या या, मावशी.”

“उद्या? आज चिकटवलास ना?”

“आज बटण चिकटवलंय. गोंद रात्रभर पक्का झाल्याशिवाय मी मिरर लावत नाही. तुमचा मिरर पुढच्या खोक्यात ठेवलाय, गुंडाळून. उद्या लावला की फुली पुसून देतो.”

बोलून गेला आणि थिजला. हळूच माझ्याकडे पाहिलं.

मी व्हॅनभोवती फिरून पुढे गेले. काचेच्या आतल्या बाजूला बटण, त्यावर चिकटपट्टी. बाहेरून, बटणाच्या बरोबर समोर, जागा चुकू नये म्हणून काढलेली पिवळ्या खडूची फुली. दार उघडून खोकं पाहिलं. पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला आरसा.

“लाल गाडीवरची फुली कुणी पुसलेली नाही, धम्मरत्न,” मी म्हणाले.

पुष्पाबाई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघू लागल्या. धम्मरत्नने हातातलं फडकं बादलीत टाकलं.

“मी सांगायचं ते सांगितलंय. जा तुम्ही,” तो म्हणाला. 

फुली तशीच होती, म्हणजे त्या गाडीत त्याने आरसा लावलाच नव्हता. जो आरसा लावलेलाच नाही, तो पडेल कसा? हे एक वाक्य बोलला असता तर तो त्याच क्षणी सुटला असता. आणि तो मूर्ख ते वाक्य दातांखाली दाबून बसला होता.

४

परागच्या अडाजणच्या फ्लॅटमध्ये मेंदीचा वास भरून राहिला होता. त्याची बायको सायली नवऱ्या मुलींना मेंदी काढते. दिवाणखान्यात एक मुलगी हात पसरून बसली होती आणि सायली कोन घेऊन तिच्या तळहातावर वाकली होती. पराग देखणा, हसरा. मला बघताच त्याने खुर्ची पुढे केली.

“वाईट झालं हो, मॅडम. म्हातारीचा सगळा खर्च मी करणार आहे, काळजीच नको. पण बघा ना, एवढीशी गोष्ट. आरसा चिकटवणं. तेही जमू नये?”

“शनिवारी गाडी कुठे चालली होती?”

“एका वरातीला. बाजीरावकाका घेऊन चालले होते.”

“तुम्ही स्वतः नाही चालवत?”

“छे!”

“चालवणार कसा?” सायली मान वर न करता म्हणाली. “दिवाळीत वरातीपुढे गाडी गरागरा फिरवून दाखवली, लायसन्स गेलं. तेव्हापासून तर काकांना ठेवलं.”

परागचं हसू जरा आखडलं. “ते आता कशाला?”

“मॅडमनी विचारलं म्हणून.”

“शनिवारी संध्याकाळी तुम्ही दोघं घरीच?” मी विचारलं.

“माझ्याकडे तर मेळा भरला होता,” सायली म्हणाली. “नवरी, तिच्या बहिणी, आत्या. सगळ्यांचे हात ओले, खाज आली तरी एकमेकींना सांगायची वेळ. मी जागची हलले नाही. पराग आतल्या खोलीत झोपला होता. डोकं दुखत होतं ना तुझं?”

“हो. फार,” पराग म्हणाला.

म्हणजे सायली बायकांच्या गराड्यात होती. परागला मात्र बंद दारापलीकडे कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्या खोलीला जिन्याकडे उघडणारं वेगळं दार होतं, ते मी येतानाच पाहिलं होतं. तो आत आहे का ते बघायला, ओल्या मेंदीच्या हातांनी मधल्या दाराची कडी काढायला कुणी उठणार नव्हतं.

“दुरुस्तीबद्दल धम्मरत्नशी तुमचं काही बोलणं झालं होतं?”

“नाही हो. असल्या किरकोळ कामाचं मी काय बोलणार? गाडी सोडली काकांनी, आणली काकांनी. मला कळलं ते अपघात झाल्यावर.” तो पुढे झुकला, अगदी घरच्यासारखा. “आणि खरं सांगू? जावयाचं काम, सासऱ्याची ड्रायव्हिंग. घरातलं प्रकरण आहे. तुम्ही त्या पोराला काहीही विचारा, तो सासऱ्याला खोटं पाडणार नाही. ही माणसं तशी नाहीत.”

मी पाणी पीत होते. पेला तसाच तोंडाशी राहिला.

सासऱ्याला खोटं पाडणार नाही. सासरा खरं बोलत असेल तर जावयाने त्याला खोटं पाडायचा प्रश्न येतोच कुठे?

जिन्यात असतानाच वसावांचा फोन आला. धुरपदाबाईंची तब्येत जास्त बिघडली होती. संध्याकाळपर्यंत थांबायला ते आता तयार नव्हते.

“मला थोडा वेळ द्या, साहेब. सगळ्यांना गाडीपाशी बोलवा. परागलाही. आणि गाडीला कुणाला हात लावू देऊ नका.”

“मॅडम, तमे कंई पकड्युं छे के खाली टाइमपास?”

“पकडलंय. फक्त एक माणूस बोलायचा राहिलाय,” मी म्हणाले.

५

साक्षी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सापडली. धुरपदाबाईंच्या उशाशी बसायला गेली, तर त्यांच्या सुनेने तिला बाहेर काढलं होतं. हातात शहाळं तसंच होतं.

मी तिला बाजूला घेतलं. अशा वेळी गोड बोलायला मला जमत नाही, म्हणून सरळच सांगितलं.

“तुझ्या नवऱ्याने आरसा लावलाच नव्हता. तो गुंडाळून खोक्यात ठेवला होता. म्हणजे तुझा नवरा खोटं बोलतोय.”

तिचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. “मग बाबा म्हणतात, मांडीवर पडला…”

“तेही खोटं.”

ती भिंतीला टेकली. “म्हणजे यांना सोडवायचं तर बाबा अडकणार. चूक झाली माझी, तुमच्याकडे आले ती. कुणाला निवडू मी, ताई?”

“मला एक सांग. शनिवारनंतर ते दोघं एकमेकांशी बोललेत?”

ती एवढ्या दुःखातही हसली. “ते शनिवारच्या आधी तरी कुठे बोलायचे? भांडण नाही हो. मान. बाबांना काही सांगायचं असलं की मला सांगतात, ‘जावईबुवांना म्हणावं.’ यांना विचारायचं असलं की मला विचारतात, ‘मामा काय म्हणाले?’ समोरासमोर आले की तब्येत, पाऊसपाणी आणि चहा. बाबा यांच्या गाडीवर मागे बसतसुद्धा नाहीत. लेकीच्या घरी ओझं नको म्हणून रिक्षा करतात. लग्न झाल्यापासून मीच दोघांचा पोस्टमन.”

“आणि शनिवारपासून पोस्टमन काय सांगतोय?”

“काहीच नाही. बाबा तिकडे ठाण्यात, हे घरी गप्प. मी विचारलं तर हे एवढंच म्हणाले, ‘मामांना एक शब्द बोलायचा नाही, माझी चूक आहे.’ आणि बाबा म्हणाले, ‘जावईबुवांना एक शब्द बोलायचा नाही, माझी चूक आहे.’”

मी तिला हातानेच थांबवलं.

“एकच वाक्य, साक्षी. दोघांच्याही तोंडी.”

“हो,” ती हळूच म्हणाली. “ताई, दोघंही एकमेकांना झाकतायत का?”

“मला तसं वाटतं. पण माझं वाटणं वसावासाहेबांच्या कामाचं नाही. समोरासमोर आणलं आणि माझा अंदाज चुकला, तर तुझे बाबा आत जातील. तू नको म्हणालीस तर मी इथेच थांबते.”

आत कुठेतरी एक यंत्र टिकटिक करत होतं. साक्षीने शहाळं दाराशी उभ्या असलेल्या आयाच्या हातात दिलं.

“त्यांच्या सुनेला द्या. माझं नाव सांगू नका,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “चला. समोरासमोर बसवा त्यांना.”

६

आवारात लाल गाडीभोवती सगळे जमले होते. पराग गॉगल डोक्यावर चढवून वसावांशी गुजरातीत हास्यविनोद करत होता. धम्मरत्न गाडीच्या एका बाजूला, बाजीराव दुसऱ्या बाजूला. दोघांनी एकमेकांना नुसती मान लववली होती.

“बाजीराव,” मी म्हणाले, “सकाळी मला सांगितलंत ते सगळ्यांसमोर एकदा सांगा.”

त्यांनी घसा साफ केला. भेस्तानचा रस्ता, पडता अंधार. धम्मरत्न जमिनीकडे बघत ऐकत होता. “मी मिररमध्ये बघितलं, तर मागं ट्रक…”

धम्मरत्नची मान झटक्यात वर आली.

“मग डावीकडं सरलो, अन् तेवढ्यात मिरर…”

“मामा.”

सगळे थांबले. साक्षीने तोंडावर हात धरला. मला नंतर कळलं, त्याने असं बोलणं तोडून सासऱ्याला थेट प्रश्न विचारायची ही पहिलीच वेळ.

“मामा, ट्रक कुठल्या मिररमध्ये दिसला तुम्हाला?”

“आपल्या ह्याच. तुम्ही लावला त्यातच.”

“मी लावलाच नव्हता, मामा.”

बाजीराव त्याच्याकडे बघतच राहिले. “असं कसं? साहेब म्हणाले…”

“बाजीराव, पुरे!” पराग म्हणाला.

“बोलू द्या त्यांना,” मी म्हणाले. “आणि वसावासाहेब, तुम्ही काचेकडे बघा. ती फुली नजरेसाठी नाही. धम्मरत्न बटण चिकटवताना ती काढतो आणि दुसऱ्या दिवशी आरसा लावला की पुसतो. पुसलेली नाही, म्हणजे आरसा लागलेला नाही. तो खोक्यात, पिवळ्या फडक्यात होता. त्या फडक्यात काचेचा चुरा आहे. सीटवर, मांडी असते तिथे, एक कणही नाही. आरसा मांडीवर पडला नाही. अपघातानंतर कुणीतरी तो फडक्यातच फोडला आणि पायाशी टाकला.”

“ड्रायव्हरेज फोड्यो हशे,” वसावा म्हणाले. “बचवा माटे.”

“ड्रायव्हरनेच फोडला, असं मलाही आधी वाटलं. आणि यालाही.” मी धम्मरत्नकडे बोट केलं. “याने ऐकलं की मामा म्हणतात आरसा पडला. आरसा लावलेला नाही, हे याला माहीत. याने धरून चाललं की मामांच्या हातून चूक झाली आणि ते आता निमित्त शोधतायत. मग हा आपली मान पुढे करून मोकळा झाला. खरं ना?”

 धम्मरत्नचे कान लाल झाले होते.

“पण निमित्त रचणारा माणूस, गाडीत आरसा नाही हे पाहिल्यावर, आरशात ट्रक दिसला असं म्हणेल? उलट हेच सांगेल की मागचं दिसत नव्हतं. बाजीरावांनी ट्रक रचला, कारण त्यांच्या डोक्यात आरसा जागेवर आहे. सकाळी गाडी सोडल्यानंतर ते त्या गाडीत बसलेच नाहीत.”

 मी बाजीरावांना विचारलं, “तुम्ही शनिवारी संध्याकाळी कुठे होता?”

“साहेबांच्या उधन्याच्या गोडाऊनात. वरातीचे लाइट बांधत व्हतो.” ते पराग कुठे उभा आहे हे विसरून गेले होते. ते साक्षीकडे वळले आणि त्यांची भाषा एकदम घरची, अहिराणी झाली. “पोरी, माले वाटनं, जवाईना हात चुकना. साहेब धावत उनात. म्हनेत, मिरर पडना, तुना जवाई आते आत जाई. तू गाडी चालाडत व्हता असं सांग, मी मिटाडी देस. मी गाडीमा नव्हतूच, पोरी.”

“खोटं आहे!” पराग ओरडला. “स्वतःची कातडी वाचवतोय. गाडीत आरसा लावलाय की नाही, मला काय माहीत? मी तर घरी झोपलो होतो!”

“धम्मरत्न,” मी म्हणाले, “आरसा उद्या लावणार, हे तू कुणाला सांगितलं होतंस?”

“परागभाईंना. जेवायला जायच्या आधी फोन केला. म्हटलं, मिरर खोक्यात आहे, आज गाडी नेली तरी उद्या सकाळी परत पाठवा. परत आलो तर गाडी नव्हती. मला वाटलं, मामा घेऊन गेले.”

“पण पराग तर म्हणाले, तुमचं बोलणंच झालं नाही.”

वसावांनी हात पुढे केला. आता ते हसत नव्हते. “फोन आपो, परागभाई.”

परागने गॉगल डोक्यावरून काढला, घडी केली, पुन्हा उघडला. फोन काही काढला नाही. धम्मरत्नने आपला फोन आधीच वसावांसमोर धरला होता. शनिवारचा तो कॉल तिथे होता.

“दोनच किल्ल्या,” मी म्हणाले. “एक गॅरेजमध्ये, एक तुमच्याकडे. लायसन्स नाही, म्हणून चालवताना सापडायची चोरी. बाई पडली. आणि तुम्हाला नेमकं ठाऊक होतं की हा सासरा जावयाला दोष लागू देणार नाही आणि हा जावई सासऱ्याला खोटं पाडणार नाही. दोघं एकमेकांना विचारणारही नाहीत. त्यांच्या चांगुलपणावर तुम्ही गाडी चढवलीत, पराग. म्हातारीवर चढवलीत ती चूक म्हणता येईल. ही चूक नव्हती.”

मला संताप आवरत नव्हता आणि आवरायचाही नव्हता. पराग वसावांकडे वळून घाईघाईने म्हणाला, “साहेब, ती एकदम मध्ये आली. मी ब्रेक मारला होता, खरंच मारला होता!” मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. हवालदार त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले, सकाळी गाडीपाशी उभे होते तेच.

बाजीरावांना आणि धम्मरत्नला खोट्या जबाबाचं उत्तर द्यावं लागणार होतंच. वसावांनी दोघांना दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला सांगितलं आणि जाता जाता बाजीरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

आवार रिकामं झालं. सासरा आणि जावई गाडीच्या दोन बाजूंना अजून तसेच होते. शेवटी धम्मरत्न बाहेर जाऊन आपली मोटरसायकल घेऊन आला.

“मामा, हॉस्पिटलला जाऊ. धुरपदाआजीच्या घरच्यांना आपणच सांगू काय झालं ते. बसा.”

बाजीराव सवयीने रस्त्यावर रिक्षा शोधू लागले. मग थांबले.

“तुम्हाला वाटलं, मी बाईला पाडून खोटं बोलतो?” त्यांनी विचारलं.

“हो, मामा. आणि तुम्हाला वाटलं, माझं काम पडलं?”

“हो.”

दोघंही खाली बघू लागले. मग बाजीराव पाय टाकून मागे बसले, अवघडून, हात कुठे ठेवावा हे न कळून. शेवटी त्यांनी तो जावयाच्या खांद्यावर ठेवला. धम्मरत्नने मोटरसायकलचा आरसा जरा वळवला. मागचा रस्ता त्यात आता दिसणार नव्हता. मामांचा चेहरा दिसणार होता.

फाटकातून बाहेर पडताना बाजीराव काहीतरी म्हणाले. धम्मरत्नने मान मागे वळवून उत्तर दिलं. ट्रकांच्या आवाजात आम्हाला ऐकू आलं नाही.

“काय बोलत असतील?” मी साक्षीला विचारलं.

“माहीत नाही, ताई. मला कुणीच सांगितलं नाही,” ती म्हणाली, आणि दोन दिवस दाबून धरलेलं रडू तिला एकदम फुटलं.